टिकलीचा वास आणि काउबॉयची पिढी

आमच्या इथं पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती दुकानंच दुकानं. मागच्या उन्हाळ्यात तिथं एका टेबलापाशी एक आजोबा दिसले, पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली असणार. त्यांनी एक खेळण्यातलं पिस्तूल उचललं, जड, चंदेरी, मुठीला पांढरं प्लॅस्टिक, त्याचं झाकण अंगठ्यानं बाजूला सारलं, दुकानदाराकडून टिकल्यांचा लाल रोल मागून घेतला, आत बसवला आणि चाप ओढला. फट्ट! आणि मग ते पिस्तूल नाकाजवळ धरून डोळे मिटून तसेच उभे राहिले. मी बाजूलाच होतो, तो धूर माझ्यापर्यंत आला आणि मी थेट सांगलीत, नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला उटण्याचा वास, हातात पत्र्याचं पिस्तूल, खिशात टिकल्यांच्या डब्या.

आम्ही तासभर बोललो. इथली सत्तरी-ऐंशीतली माणसं गप्पांना बसली की तीन गोष्टी निघतातच, टीव्हीवरचे काउबॉय, टिकलीची पिस्तुलं आणि वडिलांनी दिलेली पहिली रायफल, आणि हे सांगताना आवाज असा काही हळवा होतो की बंदूक म्हटल्यावर फक्त शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कळतच नाही. मलाही कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलोय, जे समजलं ते सांगतो.

सुरुवात टिकलीपासूनच करू, कारण आम्हा दोघांना एकाच वासानं का पकडलं याचं उत्तर तिच्यात आहे. टिकलीत मुख्य दोनच गोष्टी असतात, लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. फॉस्फरसला ऑक्सिजन हवा असतो आणि क्लोरेटच्या पोटात ऑक्सिजन ठासून भरलेला असतो. दोघं लांब लांब असले की शांत, पण एकत्र आले आणि जरा घासले किंवा ठोकले गेले की बार. म्हणून तर काडेपेटीत त्यांना मुद्दाम वेगळं ठेवलंय, क्लोरेट काडीच्या डोक्यात आणि लाल फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर, घासल्याशिवाय भेटच होत नाही. टिकलीत मात्र दोघं एकाच ठिपक्यात, वर-खाली कागद, बस. म्हणून हे मिश्रण कोरडं कधी कालवत नाहीत, ओलं असतानाच कागदावर ठिपके घालतात आणि मग वाळवतात. आणि प्रमाण किती, तर अमेरिकन नियमात एका टिकलीला साधारण १६ मिलिग्रॅम ही मर्यादा, म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढं. रसायन तेच असल्यामुळे धूरही तोच, मग तो सांगलीच्या अंगणातला असो नाहीतर लँकेस्टरच्या बाजारातला.

आणि वासाचं असं आहे की डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका मधल्या केंद्रात जातं आणि तिथून पुढं वाटलं जातं, वासाला मात्र हा थांबा लागत नाही, तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना जवळजवळ थेट जाऊन भिडतो. म्हणून फोटो बघून आपण 'हो, आठवतंय' म्हणतो आणि वास आला की आपण तिथंच असतो.

आता या पिढीच्या वाट्याला काउबॉयच का आले? १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत साडेसात कोटींच्या वर मुलं जन्माला आली, महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांची मुलं. १९५० मध्ये शंभरातल्या ९ घरांत टीव्ही होता, १९६० येईपर्यंत ८५ च्या वर घरांत आला. म्हणजे मुलं आणि टीव्ही बरोबरच वाढले. पण टीव्हीवाल्यांची अडचण अशी की रोज दाखवायचं काय? हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी सुरुवातीला या नव्या डब्याला चांगले सिनेमे द्यायला सरळ नकार दिला होता. उरलं काय, तर कमी पैशात काढलेले जुने काउबॉयपट.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते विल्यम बॉइड या नटानं. तो १९३५ पासून हॉपलाँग कॅसिडी नावाचा काउबॉय करत होता, ६६ सिनेमे झाले, मग बाजार ओसरला. या माणसानं स्वतःची जमीन विकून त्या जुन्या सिनेमांचे हक्क घेतले, लोकांना वाटलं हा बुडाला. २४ जून १९४९ ला एनबीसीवर ते लागले आणि वर्षभरात देशातलं प्रत्येक पोरगं काळा शर्ट, काळी हॅट मागायला लागलं. १९५० मध्ये त्याचं चित्र चिकटवलेला एक साधा पत्र्याचा जेवणाचा डबा निघाला, एका वर्षात सहा लाख खपले. डबा तोच, फक्त चित्र! इथून अमेरिकेतल्या खेळणीवाल्यांना कळलं की मुलाला वस्तू विकायची असेल तर आधी गोष्ट विकावी लागते.

मग लाट आली. लोन रेंजर १९४९ मध्ये, जीन ऑट्री १९५० मध्ये, रॉय रॉजर्स १९५१ मध्ये. डेव्ही क्रॉकेट १९५४ च्या डिसेंबरात आला आणि पुढचं वर्षभर मुलं शेपटीवाली रॅकूनची टोपी घालून शाळेत. १९५५ मध्ये गनस्मोक सुरू झाली, ती २० वर्षं चालली, ६३५ भाग. १९५८-५९ च्या हंगामात सगळ्यात जास्त बघितल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांतले सात वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या गोष्टींचे होते आणि पहिले चारच्या चार वेस्टर्न. निर्मात्यांना ते परवडायचंही, लॉस एंजेलिसच्या कडेला चॅट्सवर्थला खडकाळ माळ होता, आयव्हर्सन रँच, तेच खडक शेकडो गोष्टींत कधी टेक्सास झाले कधी ॲरिझोना, आणि गावाचा रस्ता म्हणजे नुसते पुढचे दर्शनी भाग, मागं टेकू.

आजोबांची आवडती मालिका मात्र एकच, द रायफलमन. एक विधुर शेतकरी आणि त्याचा लहान मुलगा, दोघंच राहतात, आणि बापाकडं विंचेस्टर रायफल. त्या रायफलीबद्दल आजोबा बोलायला लागले की त्यांचे हात आपोआप हलायला लागतात. विंचेस्टर म्हणजे मुठीखाली एक कडी असते, ती खाली ढकलायची, रिकामं काडतूस बाहेर, कडी वर ओढली की नवीन काडतूस आत, मग चाप. दर वेळी या तीन हालचाली. पण मालिकेतल्या रायफलीची कडी मोठी गोल केली होती आणि तिच्यात चापाच्या समोर येईल असा एक स्क्रू बसवला होता, कडी बंद झाली रे झाली की स्क्रूच चाप दाबायचा. मग काय, हात नुसता खाली-वर, खाली-वर, आणि गोळ्यांची सर. हब्ली कंपनीनं याची टिकलीवाली नक्कल काढली, ही कंपनी इथलीच, लँकेस्टरची. आता ती रायफल १८९२ च्या मॉडेलची आणि गोष्ट घडते १८८० च्या दशकात, म्हणजे जन्माआधीच वापरात, पण हे त्या वयात कुणाला पडलंय!

पडद्यावरच्या गोळ्या अर्थातच खोट्या. तिथं फाइव्ह-इन-वन नावाचं एक फुसकं काडतूस वापरायचे, पुढं गोळी नाही, नुसती दारू आणि वर बुच. त्याचा आकार असा जमवलेला की रायफल आणि रिव्हॉल्व्हर मिळून पाच प्रकारच्या बंदुकांत बसायचं, त्यामुळे सेटवर एकच पेटी ठेवली की काम भागायचं. आणि वेगानं पिस्तूल काढायचं जे कसब दिसायचं ते आर्व्हो ओजाला नावाच्या माणसानं नटांना शिकवलेलं, त्यानं चामड्याच्या म्यानात आतून धातूचा पत्रा घातला म्हणजे पिस्तुलाचं चक्र अडकत नाही. गनस्मोकच्या सुरुवातीला मार्शलसमोर उभा राहून जो गोळी खाऊन पडतो तो हाच.

खेळण्यांच्या धंद्याला खरं वळण लागलं १९५५ मध्ये. तोपर्यंत खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळच्या तोंडावर आणि त्याही आईबापांसाठी. तेव्हा मटेल ही छोटी कंपनी होती, तिच्या मालक नवरा-बायकोनं, एलियट आणि रूथ हँडलर यांनी, मुलांच्या एका नव्या टीव्ही कार्यक्रमात वर्षभर जाहिरात करायला पाच लाख डॉलर लावले, सगळी कंपनी विकली असती तरी जेमतेम तेवढेच आले असते. जाहिरात होती टिकल्या उडवणाऱ्या एका मशीनगनची. नाताळपर्यंत दहा लाखांच्या वर खपल्या. १९५७ मध्ये त्यांनीच फॅनर फिफ्टी आणलं, काउबॉयचं पिस्तूल, ज्याच्या मागच्या खटक्यावर डाव्या हाताचा तळवा फटाफट मारत राहायचं. बार्बी त्यानंतरची, १९५९ ची. म्हणजे बार्बीला घरोघरी नेणारी वाट आधी टिकलीच्या पिस्तुलांनी पाडून ठेवली होती.

आणि हे खेळण्यांपुरतं राहिलं नाही, मला सगळ्यात नवल याचं वाटलं. कोल्ट कंपनीचं १८७३ चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, काउबॉय म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तेच, ते महायुद्धाच्या सुमाराला बनायचं बंद झालं होतं, जुनाट, कुणाला नको. टीव्हीमुळे मागणी इतकी वाढली की १९५६ मध्ये कोल्टनं ते परत काढायला सुरुवात केली, आणि त्याच्या आधीच रूगर कंपनीनं त्याच घाटाची स्वतःची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली होती. मेलेली बंदूक टीव्हीनं जिवंत केली.

आता टिकलीच्या पिस्तुलापासून रायफलीपर्यंतचा रस्ता. यात मध्ये एक पायरी होती, छर्र्याची बंदूक, आणि ती पायरी नीट समजून घेतल्याशिवाय हे बालपण समजत नाही. मिशिगनमध्ये प्लिमथ गावात पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती, धंदा मंदावला म्हणून १८८६ च्या सुमाराला त्यांनी पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला पोरासाठी एक हवेची बंदूक फुकट द्यायला सुरुवात केली. लोक बंदुकीसाठीच यायला लागले. १८९५ मध्ये कंपनीनं नावच बदललं, डेझी. त्यांची सगळ्यात गाजलेली बंदूक रेड रायडर, एका चित्रकथेतल्या काउबॉयच्या नावानं १९४० मध्ये आलेली. कडी ओढली की आतली स्प्रिंग दाबून बसते, चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढं जातो आणि हवेच्या झटक्यानं साडेचार मिलिमीटरच्या आतबाहेरचा पोलादी छर्रा उडतो. दारू नाही, आग नाही. पण डोळा फुटू शकतो, आणि तिथली प्रत्येक आई पोराला हेच बजावायची.

आपल्या जत्रेत फुगे फोडायची जी बंदूक असते ना, दहा रुपयाला पाच छर्रे, ती याच कुळातली. फरक हा की आपण ती जत्रेपुरती हातात घ्यायचो, तिथल्या पोराच्या खाटेखाली ती रोज असायची.

आणि मग बाराव्या-तेराव्या वाढदिवसाला किंवा नाताळला पॉइंट टू टूची, म्हणजे .२२ इंच गोळीची रायफल. .२२ हे काडतूस फार जुनं, पहिलं लहान १८५७ मधलं आणि आज जे सगळीकडं चालतं ते लाँग रायफल १८८७ मधलं. करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठं, स्वस्त, धक्का जवळजवळ नाहीच, म्हणून मुलाला शिकवायला हेच. पण खेळणं अजिबात नाही, डबीवरच छापलेलं असायचं की ही गोळी मैलभर जाते, जपून. आजोबांना मिळाली ती विंचेस्टर मॉडेल ६७, १९३४ पासून १९६३ पर्यंत बनायची. तिच्यात एका वेळी एकच गोळी. बोल्ट उघडायचा, काडतूस हातानं ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, आणि तरीही ती उडत नाही, मागचा गोल खटका बोटांत धरून जोर लावून मागं ओढावा लागतो, तेव्हा कुठं ती तयार. आजोबांनी ते टेबलाच्या कडेवर बोटांनी करून दाखवलं, आणि म्हणाले, वडील मागं उभे राहायचे, खिशातून एक काडतूस काढून द्यायचे, फक्त एक, चुकलं तर का चुकलं ते सांगितल्याशिवाय दुसरं नाही. त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात पाळीवर, आठवडाभर बोलणं म्हणून नाही, युद्धाबद्दल तर आयुष्यात कधी बोलले नाहीत. शनिवारी सकाळी मात्र शेताच्या बांधावर ते दोन तास फक्त यांचे. मला वाटतं रायफलमन त्यांना एवढी का आवडते त्याचं कारण त्या स्क्रूत नाहीये, त्या गोष्टीतला बाप मुलाशी बोलतो यात आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे लोक बंदुकीसाठी हळवे होत नाहीत. टिकली, मग छर्रा, मग एक गोळी, या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी मोठं माणूस उभं होतं. पायऱ्या बांधल्या धंदेवाल्यांनी, विकण्यासाठीच बांधल्या, हे खरं. पण बांधावरचं ते शनिवारचं ऊन कुठल्या कंपनीनं विकलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. टीव्हीवरचा तो पश्चिम भाग तसा नव्हताच. रॉबर्ट डायकस्ट्रा या इतिहासकारानं कॅन्ससमधल्या पाच गुरांच्या बाजाराच्या गावांचा हिशेब मांडला, त्यात गनस्मोकमधलं डॉज सिटीही आहे, तर १८७० ते १८८५ या काळात पाचही गावांत मिळून ४५ खून. टीव्हीवर तेवढे एखाद्या महिन्यात पडायचे. उलट गावात बंदूक घेऊन फिरायला बंदी होती, डॉज सिटीत तशी पाटीच होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावातली १८८१ ची ती जगप्रसिद्ध चकमक, जेमतेम अर्ध्या मिनिटाची, तीसुद्धा गावातला शस्त्रबंदीचा नियम मोडण्यावरूनच पेटली. आणि खरे काउबॉय म्हणजे गुरं हाकणारे मजूर, त्यांत कितीतरी काळे आणि मेक्सिकन, लॅसो, रँच, रोडिओ हे शब्दच स्पॅनिशमधून आलेले. पडद्यावर मात्र सगळे गोरे.

गल्लीतल्या खेळाचंही तेच. 'काउबॉय आणि इंडियन' खेळताना इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, कोण होणार, तर सगळ्यात लहान, ज्याला नाही म्हणता येत नाही तो. ज्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांनी शंभर वर्षांत बघितलं काय तर स्वतःला रोज संध्याकाळी घोड्यावरून पडताना. लोन रेंजरचा साथीदार टोंटो करणारा जे सिल्व्हरहील्स हा खरा मोहॉक जमातीचा मूळ रहिवासी होता, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वस्तीतला, आणि त्याला वर्षानुवर्षं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लावलं. आजोबा यावर गप्प झाले, मग हळूच म्हणाले, धाकट्या भावाला मीच करायला लावायचो.

हे सगळं संपलं ते हळूहळू. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना ज्या रायफलीनं मारलं ती टपालानं मागवलेली निघाली, तोपर्यंत कॅटलॉगमध्ये खूण करून पैसे पाठवले की रायफल पोस्टानं घरी यायची. १९६८ च्या कायद्यानं ते बंद झालं. त्याच सुमाराला व्हिएतनामची खरी लढाई त्याच टीव्हीवर दिसायला लागली. खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी रंग हवा हा नियम १९८९ पासूनचा, कारण खरी कोणती आणि खोटी कोणती हे पोलिसांना लांबून कळेना. आणि २०१४ मध्ये क्लीव्हलँडला एका बागेत नारिंगी टोक नसलेली खेळण्यातली बंदूक घेऊन खेळणाऱ्या १२ वर्षांच्या काळ्या मुलाला पोलिसानं गाडीतून उतरल्या उतरल्या, दोन सेकंदांत गोळी घातली. त्याच वयात आजोबा तशीच बंदूक घेऊन गावभर फिरायचे, आणि गावचा पोलीस हात वर करून शरण आल्याचं नाटक करायचा. मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो तेव्हा माझ्याच्यानं पुढं बोलवत नाही.

आपल्याकडं ही लाट टीव्हीतून आली नाही, मुंबईत दूरदर्शनच १९७२ मध्ये सुरू झालं. आपल्याकडं ती सिनेमातून आली, १९७५ च्या शोलेचा खडकाळ माळ बंगळुरूजवळ रामनगरचा, पण त्याची घडण त्याच काउबॉयपटांची. आणि .२२ चं ते छोटं काडतूस आपल्याकडं वेगळ्याच वाटेनं रुजलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवलं ते याच काडतुसावर, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरण्याच्या प्रकारात, ब्राँझ मिळवलं तेही. मी आजोबांना फोनवर स्वप्नीलचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, तो श्वास कसा रोखतोय ते नीट बघितलं आणि म्हणाले, याला कुणीतरी एकेक काडतूस देऊन शिकवलंय.

निघताना त्यांनी ते पिस्तूल घेतलं आणि उरलेला रोल माझ्या मुलीच्या हातात ठेवला. तिच्याकडं पिस्तूल नव्हतं, तर ती विचारायला लागली आता हे उडवायचं कशानं. मी आणि आजोबा दोघंही एकदमच खाली बघायला लागलो, दगड शोधायला. पार्किंगच्या कडेला एक चपटा मिळाला आणि एक हातात मावेल असा गोल, रोल पसरला, एकेक ठिपका, ठक, फट्ट, ठक, फट्ट. रोल संपेपर्यंत आम्ही तिघं तिथं उकिडवे बसलो होतो.